चौदाव्या नियमाची हातोडी

माझ्या पिस्तुलात काहीही बिघाड नव्हता, ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. पुढं जे घडलं त्याचा दोष त्या पिस्तुलाला देता येणार नाही.

मी ऑरिन स्टँबॉ. एकतीस वर्षं काउंटीच्या वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. पेट्रोलपंपांची मापं आणि किराणा दुकानांचे काटे तपासून त्यांवर सही करणं हे माझं काम. निवृत्तीनंतर सही करायला काही उरलं नाही, म्हणून आमच्या नॉर्थ फेअरली पिस्तूल क्लबात सुरक्षा अधिकारी झालो. त्या पदाला एक शिट्टी आणि एक लाल टोपी मिळते. ओहायोतल्या आमच्या त्या कोपऱ्यात माणसं मेयरला नावानं हाक मारतात, पण लाल टोपीला 'साहेब' म्हणतात.

क्लबाला नियम तेराच होते. चौदावा मी लिहिला. दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी स्पर्धा असते आणि जिंकणाऱ्याला धुरावलेलं अख्खं हॅम, म्हणजे डुकराची मांडी, मिळतं. त्या दिवशी ज्यानं घरी पिस्तुलाचे भाग बदलले असतील त्यानं ते तपासून घ्यावं, असा तो नियम. रिकाम्या पिस्तुलाच्या चापाला साडेचार पौंडांचं वजन टांगायचं. तेवढ्यानं चाप सुटता कामा नये. मग घोडा चढवलेल्या रिकाम्या पिस्तुलावर रबरी हातोडीनं एक टोला मारायचा. गोळीवर आपटणारी आतली पिन आपोआप सुटली तर पिस्तूल नापास. पोटकलम क: सुरक्षा अधिकाऱ्याचं पिस्तूल हजर असलेल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदानं तपासावं. पोटकलम ड: ते नापास झाल्यास अधिकाऱ्यानं टोपी तिथंच उतरवावी. हे शेवटचं कलम मी केवळ भारदस्त दिसावं म्हणून घातलं होतं.

गेल्या वर्षी या नियमाखाली मी डेलबर्ट फिनफ्रॉकला परत पाठवलं. त्याचा चाप एका औंसानं हलका भरला. डेलबर्ट शेजारीच राहतो, आम्ही चाळीस वर्षांचे मित्र. तो म्हणाला, "अरे ऑरिन, एक औंस म्हणजे एक पत्र टाकायचं वजन."

"मग पत्र टाक," मी म्हणालो, "नेम टाकू नकोस."

या वाक्यावर मी वर्षभर खूश होतो. आणि क्लबातला सर्वांत ज्येष्ठ सभासद डेलबर्ट आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

यंदा ऑगस्टच्या सुरुवातीला विल्मरच्या बंदुकांच्या दुकानात शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसांच्या, खात्यानं बदलून टाकलेली पिस्तुलं आली. अशी पिस्तुलं बाहेरून घासलेली आणि आतून कोरी असतात, कारण ती वर्षानुवर्षं कमरेला लटकतात, झाडली क्वचितच जातात. मी घेतलेलं पिस्तूल अकरा वर्षं एका डेप्युटीच्या कमरेला होतं, आणि त्या अकरा वर्षांत त्यानं मुख्यतः रस्त्यावर आलेल्या गाई हाकलल्या होत्या. क्लबात आल्यावर आधी माझ्या बायकोनं, लुएलानं, ते चालवून पाहिलं. दहा गोळ्या, दहाही मधल्या वर्तुळात.

"छान आहे," ती म्हणाली. "हात लावू नकोस त्याला."

मग मी दहा झाडल्या. दहाही डावीकडे गेल्या. एकाच बंदुकीतून बायकोच्या गोळ्या मध्ये आणि नवऱ्याच्या डावीकडे जात असतील, तर दोष बंदुकीचा असणार, हे उघड आहे. घरी येऊन मी एक व्हिडिओ पाहिला. तळघरात काळा चष्मा लावून बसलेला एक दाढीवाला सांगत होता की कारखान्यातल्या चापात 'वाळू' असते. मी पिस्तूल काढून चाप हळूच ओढला. तोवर मला वाळू कधी जाणवली नव्हती. आता वाळवंट जाणवलं.

"लुएला, चापात वाळू आहे."

"तुझ्या डोळ्यात आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, डॉक्टरकडे जा म्हणून तीन महिने सांगतेय."

डॉक्टरांची वेळ मिळायला सहा आठवडे लागतात. चापाचा संच टपालानं तीन दिवसांत येतो.

संचावर लिहिलं होतं : पंधरा मिनिटांत घरी बसवा. एका शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल अंथरला. शेजारी लुएला चर्चच्या पंगतीसाठी अंडी उकडून, कापून, त्यांत बलकाचं सारण भरत होती. चौदाव्या मिनिटाला एक छोटी स्प्रिंग माझ्या चिमट्यातून उडाली. आम्ही दोघं हातापायांवर रांगून फरशी पाहिली. मी व्हॅक्यूम क्लीनरची पिशवीही उपसली. स्प्रिंग काही सापडली नाही.

ती पास्टर थर्मन यांना सापडली. दुपारी, दुसऱ्या अंड्यात, उजव्या दाढेखाली. त्यांनी ती कागदी रुमालात गुंडाळून सभ्यपणे माझ्या हातात ठेवली, आणि जेवणानंतरच्या प्रार्थनेत 'आपल्यातल्या ज्यांचं काही निसटलं आहे' त्यांच्यासाठी एक वाक्य वाढवलं. चाळीस वर्षं लुएलाची अंडी सगळ्यांत आधी संपायची. त्या दिवशी अर्धं ताट परत आलं.

पास्टरांच्या दाढेनं स्प्रिंग वाकली होती. माझ्यापुढं दोन मार्ग होते : जुने भाग परत बसवायचे, किंवा नवी स्प्रिंग मागवायची. जुने बसवणं म्हणजे माघार. सुटी स्प्रिंग कंपनी विकत नव्हती. अख्खा संच पुन्हा घ्यावा लागला असता, आणि दारात तोच खोका दुसऱ्यांदा आलेला लुएलाला दिसला असता. म्हणून मी तिसरा मार्ग काढला. पक्कड घेऊन स्प्रिंग सरळ केली. एकतीस वर्षांत एखाद्या दुकानदारानं काट्याची स्प्रिंग पकडीनं सरळ केलेली मला आढळली असती, तर मी त्याच्या दाराला कुलूप ठोकलं असतं.

चाप बसला. फारच सुरेख, लोण्यासारखा. गोळ्या मात्र डावीकडेच जात राहिल्या, तेव्हा दोष माशीचा, म्हणजे नेम धरायच्या टोकाचा, ठरला. नवी माशी पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या जुन्या माथ्यावर बसेना, म्हणून माथा बदलला. नव्या माथ्यात जुनी नळी खुळखुळायला लागली, म्हणून नळी. नळीसाठी वेगळी स्प्रिंग, आणि एवढं झाल्यावर जुनी मूठ अगदीच गरीब दिसत होती. निघालेला प्रत्येक भाग मी बिस्किटांच्या निळ्या डब्यात टाकत गेलो. त्यातली लुएलाची बटणं आधी एका बरणीत हलवली, तीही न विचारता.

मध्ये एकदा मला शंका आली आणि मी विल्मरकडे गेलो. "एवढं बदलल्यावर हे तेच पिस्तूल राहतं का रे?"

"कायद्यानं? शंभर टक्के," विल्मर म्हणाला. "कायद्यानं पिस्तूल म्हणजे फक्त खालचा सांगाडा. नंबर त्याच्यावर आहे ना. बाकी सगळं पोस्टानं येतं, टोस्टरच्या तारेसारखं."

"म्हणजे मी काहीच बदललं नाही?"

"सरकारच्या दृष्टीनं तू काही केलेलंच नाहीस, ऑरिन."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. ज्या खात्यात मी आयुष्य काढलं, तिथंही हेच सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक होतं.

सात आठवड्यांनी पिस्तूल पूर्ण झालं. घराच्या रक्षणासाठी म्हणून घेतलेलं ते पिस्तूल त्या सात आठवड्यांत बहुतेक वेळ टॉवेलवर सुटं पडून होतं, आणि घरावर काहीही संकट आलं नाही. पूर्ण झाल्यावर मी ते भरलं, चढवलं आणि पलंगाशेजारच्या खणात ठेवलं. तिथं ते चार दिवस होतं. चौदाव्या नियमाची चाचणी मात्र मी घरी घेतली नाही, कारण नियम सभासदांसाठी असतात.

शनिवार उजाडला. मैदानावर बावीस जण आपापल्या पिशव्या घेऊन रांगेत उभे होते. मी लाल टोपी घालून शिट्टी वाजवली आणि प्रथेप्रमाणे नियम मोठ्यानं वाचले. चौदाव्याचं पोटकलम क वाचताना मागून खोकल्याचा आवाज आला. डेलबर्ट हातात हातोडी घेऊन उभा होता.

"ज्येष्ठ सभासद हजर आहे, साहेब," तो म्हणाला.

"ही केवळ औपचारिकता," मी सगळ्यांना सांगितलं आणि रिकामं पिस्तूल टेबलावर ठेवलं.

वजन टांगलं. तीन पौंडांवरच चाप सुटला. कोणीतरी शीळ घातली. मला वाटलं होतं, पत्राच्या वजनाचं ते वाक्य डेलबर्ट आता माझ्या तोंडावर मारणार. पण त्याचा चेहरा गंभीर झाला होता. त्यानं पिस्तूल पुन्हा चढवलं, तोंड मातीच्या बांधाकडे केलं आणि हातोडीचा एक टोला दिला. तोही हलकाच.

टक्.

चापाला कोणाचाही हात लागला नव्हता. आतली पिन आपणहून सुटली होती. डेलबर्टनं पुन्हा चढवलं, पुन्हा टोला दिला. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा त्यानं हातोडी वापरलीच नाही, पिस्तूल टेबलावर जरा जोरात ठेवलं एवढंच. तेवढ्यानंही सुटलं.

लुएला रांगेच्या शेवटी उभी होती. ती पुढं आली.

"ऑरिन, हे मंगळवारपासून कुठं होतं?"

"खणात."

"भरलेलं?"

"भरलेलं."

"खणात तोंड कुठं करून?"

खण पलंगाच्या माझ्या बाजूला आहे, आणि त्याच्या सरळ रेषेत तिची उशी आहे. ती रोज सकाळी ज्या खणातून माझ्या औषधाच्या गोळ्या काढून देते, आणि तो अडकतो म्हणून गुडघ्यानं ढकलून बंद करते, तो तोच खण. चार सकाळी तिनं तो तसाच बंद केला होता. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नव्हतो, आणि ज्याच्यामुळं घाबरायचं तो माणूस तिथं एकटा मीच होतो.

मी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"ठीक आहे," डेलबर्ट हळू आवाजात म्हणाला. मग तो रांगेकडे वळला. "पुढचा कोण?"

पुढचा कोणीच नव्हता. रांगेतल्या हार्लनला एकाएकी आठवलं की गोठ्याचं दार उघडं राहिलंय. दोन भावांना एकाच वेळी दातदुखी सुरू झाली. पास्टरही आले होते. ते म्हणाले, "मी आज फक्त पाहायला आलोय," आणि त्यांनी पिशवीची चेन ओढून घेतली. डेलबर्टनं स्वतःची पिशवी तर गाडीतून उतरवलीच नव्हती. पाच मिनिटांत मैदानावर स्पर्धक उरला एक. लुएला.

तिनं पिशवीतून एक घासलेलं, काळं, गरीब दिसणारं पिस्तूल काढलं. मला ते ओळखीचं वाटलं. मूठ माझीच, म्हणजे डेप्युटीची.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"तुझ्या डब्यातून. विल्मरकडून नुसता सांगाडा घेतला, त्यानं बाकीचं पंधरा मिनिटांत बसवून दिलं. फॉर्मवर कशासाठी हवंय ते विचारत नाहीत, नाहीतर मी 'नवरा' असं लिहिणार होते."

कायद्यानं ते नवं पिस्तूल होतं. वजन टांगलं, चाप सुटला नाही. हातोडीचे तीन टोले बसले, काही झालं नाही. तिनं दहा गोळ्या झाडल्या, दहाही मध्ये. हॅम घेऊन ती डेलबर्टच्या गाडीतून घरी गेली.

या गंभीर प्रकाराची दखल घेण्यासाठी कार्यकारिणीची तातडीची बैठक बुधवारी झाली. बावीसही जण आले. एका दिवसात माझ्याखेरीज आणखी एकवीस पिस्तुलं संशयास्पद ठरतात याचा अर्थ काय, यावर दोन तास चर्चा झाली, आणि हातोडी सदोष आहे असं जवळजवळ सर्वांचं मत पडलं. अनुमोदन मी दिलं. चौदावा नियम रद्द झाला, म्हणून पोटकलम ड रद्द झालं, म्हणून टोपी मला परत मिळाली. विरोधी मत एक पडलं. सौ. स्टँबॉ यांनी ठराव संमत झाल्यावर हातोडी मागून घेतली, आणि ती आता त्यांच्या शिवणाच्या खोलीत असते. सध्या त्या तिथंच झोपतात. मी पिस्तूल विल्मरकडे देऊन आलोय, चष्माही बदललाय. रोज विचारतो, आत येतेस का? ती म्हणते, "आधी तुझा नियम परत लिही."

लिहायला बसतो. पण मग बाकीच्या एकवीस जणांची तोंडं आठवतात, टोपी आठवते, आणि कागद तसाच राहतो.

आमच्यावर हसलात याबद्दल तक्रार नाही. वाचताना मध्येच तुम्ही स्वतःशी म्हणाला असाल की हे त्या लोकांचं वेड आहे, आपल्याकडे असं होत नाही. बरोबर तेच शब्द आमच्या ठरावाच्या पहिल्या ओळीत आहेत. खाली सही माझी आहे, आणि तुमच्यासाठी जागा सोडलेली आहे.