स्वयंपाकघरातला मोर

अग्नीचा शोध ही मानवजातीची सर्वांत मोठी झेप मानली जाते. सदाशिव पेठेतल्या अभय खांबेट्यांनी ती एका मंगळवारी, आमटीला उकळी यायच्या आत, मागे घेतली. त्यांनी शेगडी बंद केली, सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि खिशात घातला.

"अहो, आमटी!" त्यांच्या पत्नी श्यामलाताई ओरडल्या.

"आमटी हवी की नातवंड?" खांबेटे म्हणाले.

प्रश्न खरोखर नातवंडाचाच होता. त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, तनुजाला, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून खांबेट्यांनी आतली खोली रंगवून घेतली होती, माळ्यावरचा पाळणा खाली काढून त्याच्या कड्यांना तेल दिलं होतं. अशात तनुजानं खराडीच्या सासरहून एक लेख पाठवला. कोंदट स्वयंपाकघरात गॅस पेटला की नायट्रोजन डायऑक्साइड साठतो, लहान मुलांच्या फुप्फुसांना तो वाईट, दमा बळावतो, वगैरे. लेखापाठोपाठ कुरिअरनं हवा मोजणारा मीटर आला. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे नाही.

"बाबा, मीटर हिरवा झाला की फोटो टाका, मी लगेच निघते," तनुजा फोनवर म्हणाली होती. "अदरवाइज सासूबाई म्हणतायत, इथेच राहा. आमचं फुल इलेक्ट्रिक किचन आहे ना."

ते 'इथेच राहा' खांबेट्यांना भलतंच झोंबलं. त्यांनी मीटर फ्रिजवर ठेवला. श्यामलाताईंनी आमटीला फोडणी दिली आणि मीटर लाल झाला. पुढचं वर आलंच आहे.

संध्याकाळी घरात इंडक्शनची शेगडी आली. "ज्या भांड्याला लोहचुंबक चिकटेल तेच चालेल," असं दुकानदारानं पैसे घेऊन झाल्यावर सांगितलं. खांबेट्यांनी फ्रिजच्या दारावरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी काढली, कारण घरात चुंबक तेवढाच होता, आणि ती श्यामलाताईंच्या हातात देऊन ते मांडणीपुढे उभे राहिले.

"कुकर?"

"नाही चिकटत."

"कढई?"

"घसरली."

"पितळी पातेलं?"

"त्याला कशी चिकटेल, अहो? शास्त्र शाखेचे ना तुम्ही?"

चिकटल्या दोनच वस्तू. एक भाकरीचा तवा आणि दुसरा लोखंडी खलबत्ता. तवा बुडाला गोल असल्यामुळे शेगडीच्या काचेवर टेकताच त्यानं एक गिरकी घेतली आणि तो खाली उतरला.

"राहिला खलबत्ता," श्यामलाताई शांतपणे म्हणाल्या. "त्यात आधी वरण लावू, की भात?"

दुसऱ्या दिवसापासून खालच्या ज्ञानदेवच्या मेसमधून डबा सुरू झाला. पोटाची सोय झाल्यावर खांबेट्यांनी लेख पुन्हा, या वेळी शेवटपर्यंत वाचला. शेवटी लिहिलं होतं की स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी, बाहेर हवा फेकणारा पंखा लावावा.

"हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय," श्यामलाताई म्हणाल्या.

"तू नुसतं सांगतेस. यांनी संशोधन केलंय."

दुपारच्या झोपेत व्यत्यय येतो म्हणून पंखा खांबेट्यांनीच बंद करवला होता. आता तो फिरायलाच तयार नव्हता. खिडकीही बंद राहून राहून अडकली होती. ती त्यांनी खांदा लावून उघडली. खिडकी नेमकी मेसच्या धुराड्यावर उघडत होती. लालच्या पुढे जांभळा रंगही असतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

ते तावातावानं खाली गेले. ज्ञानदेव मोठ्या कढईत झारा फिरवत होता.

"तुमच्या धुरानं आमचा मीटर जांभळा होतोय!"

"लाइटचा?"

"हवेचा!"

"आता हवेलापण मीटर बसवला का पेठंत?" ज्ञानदेव म्हणाला. "काका, तुमचा डबा ह्याच धुरातनं येतोय. धूर नको आसंल तर उद्यापासनं डब्यात काकड्या देतो."

खांबेट्यांनी कढईत डोकावून पाहिलं.

"आज काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मटकीची उसळ."

"थोडी जास्त घाला."

वर आल्यावर मात्र त्यांना बसवेना. मीटर हातात धरून ते घरभर फिरू लागले. मोरीत लाल. दिवाणखान्यात लाल. आतल्या खोलीत त्यांनी तो पाळण्यात ठेवला, तिथे पिवळा झाला. त्यांनी पाळण्याला हळूच झोका दिला. पिवळाच राहिला. एवढ्यात तनुजाचा मेसेज आला, 'सासूबाई ऑनलाइन पाळणे बघतायत.'

त्यानंतर खांबेट्यांनी जे केलं ते सभ्य माणसानं करायचं नसतं, पण त्यांच्या आधी अनेक बापांनी केलं असावं. भल्या सकाळी मीटर पिशवीत घालून त्यांनी तळजाईची टेकडी गाठली. झाडाखालच्या कट्ट्यावर तो ठेवला. स्वच्छ, टवटवीत हिरवा! फोटो काढून, 'आपलं स्वयंपाकघर' असं लिहून त्यांनी पाठवून दिला.

उत्तर लगेच आलं. 'बाबा, आपल्या ओट्यामागे मोर कुठून आला?'

खांबेट्यांनी फोन उलटा करून ठेवला. आतल्या खोलीचं दार त्यांनी लावून घेतलं आणि पाळण्यावर चादर टाकली. श्यामलाताईही मग फार टोचून बोलल्या नाहीत.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात तनुजा होती, शेजारी दोन मोठ्या बॅगा. खांबेट्यांनी आधी धावत जाऊन मीटर फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीमागे दडवला आणि मग लेकीला आत घेतलं.

"आई, भरीत कर ना," तनुजा खुर्चीत बसता बसता म्हणाली. "वांगं गॅसवर भाजलेलं. चांगलं करपलेलं. कधीपासून दुसरं काही सुचतच नाहीये. आमच्याकडे ते नुसतं उकडल्यासारखं लागतं, यार."

श्यामलाताईंनी नवऱ्यापुढे हात केला. त्यांनी खिशातून रेग्युलेटर काढून दिला. निळ्या जाळावर वांगं तडतडू लागलं, घरभर धूर झाला. तनुजा उघड्या खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि तिनं खोल श्वास घेतला.

"खाली मटकीला फोडणी दिली वाटतं. काय भारी वास येतोय!"

खांबेटे तिच्या पानाशेजारी येऊन बसले. तिनं भाकरी मोडून भरिताचा पहिला घास घेतला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. थोडे धुरानंही असतील.

"म्हणजे कळलं ना तुला, बापानं तुझ्यासाठी किती धावपळ केली ते?" ते म्हणाले. "म्हणूनच आलीस ना?"

"नाही हो, बाबा," तनुजा दुसरा घास घेत म्हणाली. "शुक्रवारपासून आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकरच आलेला नाही."