दातांतली पात

वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही! आमच्या मोन्तेक्रिस्ती गावात कुणालाही विचारा. साठ वर्षं अंगठा उठवला, मग अक्षरं शिकले. तेव्हापासून माझ्यापुढे कागद ठेवणाऱ्याने सोबत जेवणाचा डबा आणावा, अशी माझी ख्याती आहे.

ग्लेंदाने दातांचा दवाखाना थाटला आणि तिनेही माझ्यापुढे कागद ठेवला. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्र्यासमोर मीच तिला हातांवर धरलं होतं, म्हणून ती मला माद्रीना, म्हणजे धर्ममाता, म्हणते आणि माझ्या नवऱ्याला पाद्रीनो. आता नव्या डॉक्टरणीकडे पहिला पेशंट म्हणून कोण जाणार? माद्रीनाच! शिवाय माझे खालचे पुढचे दात म्हणजे मिरवणुकीत संताच्या मूर्तीला खांदा द्यायला घुसलेली माणसं. एक पुढे, एक मागे, दोघे एकमेकांच्या पायावर.

"दातांवर पारदर्शक खोळी घालू," ग्लेंदा म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी नवी. दात हळूहळू ओळीत येतील. पण सरकायला जागा हवी ना? म्हणून दोन दातांच्या मध्ये थोडं घासायचं."

"थोडं म्हणजे किती?"

"कागदावर आहे, माद्रीना."

मी वाचलं. प्रत्येक अक्षर बोटाखाली धरून, मोठ्याने. तेवढ्यात ग्लेंदाच्या दोन कॉफ्या झाल्या. एका फटीत दोन दशांश मिलिमीटर, असं लिहिलं होतं. मी ऐटीत सही ठोकली.

"पोरी, सत्तेचाळीस वर्षं हॅट विणतेय मी! तोकियाच्या झावळीची पात नखाने उभी चिरते, आणि चिरलेली पुन्हा चिरते. बारीक म्हणजे काय, ते मला शिकवू नकोस!"

"बरं. आता तोंड उघडा."

तिने चिमटीत एक पट्टी धरली. कांद्याच्या सालीहून पातळ, आणि एका अंगाला हिऱ्याची भुकटी! माझ्या तोंडात हिरे! सर्र, सर्र... जणू कानात बसून उंदीर साखर खातोय. दुखलं म्हणाल, तर मुळीच नाही. मग तिने पोलादाचं एक इवलंसं मापाचं पान फटीत सरकवून पाहिलं. अडलं. पुन्हा चारदा सर्र. पान गेलं, आणि ती तिथेच थांबली.

"बस्स. दाताचं कवच एकदा गेलं की परत येत नाही. म्हणून मोजून घ्यायचं." मग तिने पहिली खोळ माझ्या दातांवर बसवली.

मी ते पान मागून घेतलं. एप्रनच्या खिशातून तोकियाची एक पात काढली, डोळे मिटले आणि दोन्ही चिमटीत धरून पाहिलं. कुठलं पोलाद नि कुठली पात, ते कळत होतं. पण जाड कोणतं, ते काही केल्या सांगता येईना! ज्या बारीकपणाला पोचायला मला वीस वर्षं लागली, तो ही पोर दोन दातांच्या मध्ये कोरून ठेवते! माझ्या नखाने आजवर कुणापुढे मान झुकवली नव्हती. त्या दिवशी झुकवली.

आता हॅटचं सांगते. घरी ठोकळ्यावर सात महिन्यांची हॅट होती. माझे डोळे आता थकलेत, इतकी बारीक हॅट ही शेवटचीच. रविवारी ती गावच्या स्पर्धेत ठेवायची होती. तिथले परीक्षक भिंग लावून पाहतात. एक पात तुटलेली दिसली की सात महिने कचऱ्यात!

दुसऱ्या दिवशी पहाटे विणायला बसले. हवा दमट असते तेव्हाच पात नीट वळते. कॉफीसाठी खोळ काढून बशीत ठेवली होती. ती लगेच परत घालायची, असं ग्लेंदाने बजावलं होतं. घालते की! चार फेरे तर होऊ देत!

एक पात सारखी डोळ्यांसमोर येत होती. तिची पाळी यायला वेळ होता, म्हणून तिचं टोक खालच्या दातांत सरकवलं. काय सांगू! ती अशी अलगद बसली, जणू ग्लेंदाने पातीचंच माप घेतलं होतं! दोन हात मोकळे आणि तोंडात तिसरा हात! मी विणत सुटले.

तासभर मी एक शब्द बोलले नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण असं पहिल्यांदाच घडलं. निसेफोरोने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आनंदाने रेडिओ लावला.

मग त्या पातीची पाळी आली. ओढली. निघेना. पुन्हा ओढली. दात हलला, पात नाही.

"नि-शे-फो-लो!"

तो आला. वाकून पाहिलं. "अगं, तुझ्या दाताला हॅट लागलीय!"

"हॅटला दात लागलाय!" दात न हलवता जमेल तेवढी मी ओरडले.

त्याने कात्री आणली. मी त्याला कोपर हाणलं.

"मग पाणी पी! अंगठी अडकली की ओली करतात ना?" असं म्हणून त्याने अख्खा मग माझ्या तोंडात रिकामा केला. पात अशी रुतली, जशी दारात खुंटी!

निघालो मोटारसायकलवर ग्लेंदाकडे, मी हॅट हनुवटीशी धरून. हॅटची कड अजून बांधायची होती, त्यामुळे तिच्याभोवती शेकडो पाती सुट्या लोंबत होत्या. वाऱ्याने त्या सगळ्या माझ्या तोंडावर पसरल्या. कोपऱ्यावरच्या पाववालीने छातीवर क्रूस काढला.

"निसेफोरो, हा दाढीवाला संत कुठल्या देवळात नेतोयस?"

"बायको आहे माझी!"

"अरेरे!" ती म्हणाली. नक्की कुणासाठी, ते अजून कळलेलं नाही.

ग्लेंदा हसली नाही. हेच तिचं मोठेपण! नुसती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे तेवढे हलत होते.

"कापू का?" तिने विचारलं.

मी गल्लीतल्या कुत्र्यासारखी गुरगुरले.

"मग दात घास अजून!" निसेफोरो म्हणाला. "केसभराने काय बिघडतंय?"

"गेलेलं परत येत नाही, पाद्रीनो," ग्लेंदा म्हणाली. " हॅटसाठी मी दात देणार नाही."

"आणि दाताशाठी मी पात देणार नाही!"

अरुंद पायवाटेवर समोरासमोर आलेली दोन खेचरं जशी थबकतात, तशा आम्ही थबकलो.

मग तिने हळूच विचारलं, "माद्रीना, पात आत गेली कशी? तेव्हा कोरडी होती?"

आणि माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. ओली पात फुगते! सत्तेचाळीस वर्षं पात हाताळतेय मी, आणि हे मला दुसऱ्याने विचारावं लागलं! मी तिच्या वाऱ्याच्या नळीकडे बोट केलं.

"वाळवू? पण फार वाळली तर मोडेल ना?"

मी पात चिमटीत धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. बोट वर म्हणजे थांब. तिला न सांगताच कळलं.

फुस्स. बोट वर. फुस्स. बोट वर. तिचा वारा मुंगीच्या श्वासाएवढा. निसेफोरोने स्वतःचा श्वास धरून ठेवला होता. माझ्या नखाखाली पात जराशी हलकी झाली. अजून एक फुस्स. आत्ता! अलगद वर घेतली.

निघाली! अख्खी!

पोरगी माझ्या बोटांकडे बघत राहिली. "माद्रीना, एवढासा ओलावा तुमच्या बोटांना कळतो?"

"आणि तुला एवढीशी फट कळते!"

मी हॅट मांडीवर ठेवली. मग बोट उगारलं.

"पण एक सांगते, ग्लेंदा. चूक तुझी! असलं काही तुझ्या कागदावर नव्हतं. मी अक्षर न् अक्षर वाचलंय!"

ग्लेंदाने खणातून माझ्या सहीचा कागद काढला आणि उलटा करून माझ्या हातात दिला. पाठीमागे छापील सूचना होत्या. त्यांच्या खाली निळ्या शाईत, मला वाचता यावं म्हणून मोठ्या सुट्या अक्षरांत, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: "माद्रीना, दातांत पात धरू नका."

आता माझा काय दोष, तुम्हीच सांगा! अक्षरं मी फळ्यावर शिकले. फळ्याला मागची बाजू नसते!