आपोआप सुरू होणारी मी

माझं तोंड बंद करणारा अजून जन्माला यायचाय! हे मी नाही म्हणत, आमचे हे म्हणतात, आणि तेही मी दुसऱ्या खोलीत आहे याची खात्री करून.

चाळीस वर्षं लाँड्री चालवतेय मी. शाळा चौथीत सुटली, पण ज्यांच्या नावामागे डिग्र्यांची शेपटं लोंबतात त्यांच्या कोटावरचे डाग कोण काढतं? मी! शाई, गंज, रक्त, लिपस्टिक (ती कुणाची हे न विचारता). आजवर एकही कपडा बिघडला म्हणून परत आलेला नाही.

पण हल्ली घरोघरी मशीन. दुकानात कपड्यांपेक्षा रिकामे हँगर जास्त. तेव्हा सून म्हणाली, "आई, तुमची विद्या फोनवर शिकवूया. ऑनलाइन कोर्स करू." सून कॉम्प्युटरवर काम करते आणि कमी बोलते, म्हणून आमचं जमतं. तिनं माझे अकरा धडे शूट केले. माझी शिकवायची पद्धत ठरलेली आहे. आधी चूक करून दाखवायची, मग बरोबर. चूक दाखवताना तोंडाचा पट्टा सुरू : "असं केलंत तर हात धरून दुकानाबाहेर काढीन!" चूक अशी डोक्यात बसते की जन्मात विसरायची नाही.

मोठ्या चौकातल्या हॉटेलच्या मॅनेजरीणबाईंनी कोर्स घेतला. त्यांच्याकडे कपडे धुणाऱ्या आठ नव्या मुली. "आठवडाभर बघू, काकू. जमलं तर आमच्या पाचही हॉटेलांच्या मुली तुमच्याकडेच शिकतील." नाही जमलं तर दुकानाचं शटर कायमचं खाली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आणि पहिल्याच दिवशी बाईंचा फोन!

"काकू, व्हिडिओ सुरूच होत नाहीत. काळा चौकोन दिसतो आणि मध्ये त्रिकोण. तो दाबावा लागतो. मुलींचे हात साबणानं भरलेले, ओल्या बोटांना फोन जुमानत नाही!"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे मी आत तयार होऊन उभी, आणि कोणी दाबेपर्यंत मुकाट वाट बघायची? गिऱ्हाईक काउंटरवर आलं तर मी काय त्यानं माझं नाक दाबेपर्यंत डोळे मिटून उभी राहते?

सुनेला बोलावलं. "हे आपोआप सुरू झालं पाहिजे! धडा उघडला की मी हजर!"

"आई, मोबाइलवर तसं होत नाही. फोनवाले करू देत नाहीत."

"कोण हे फोनवाले? दे नंबर!"

"नंबर नाही हो. नियम आहे. आवाजासकट व्हिडिओ आपोआप सुरू होऊ देत नाहीत. लोक दचकतात."

"मला बघून?"

सुनेनं फोनमध्ये डोकं घातलं. मग म्हणाली, "एक उपाय आहे. आपोआप सुरू होईल, पण त्यासाठी..."

"झालं तर! कर!" मी उठले. इस्त्री तापली होती. मागून ती काहीतरी सांगत होती, पण तापलेली इस्त्री थांबत नाही आणि मीही थांबत नाही.

सुनेनं ते केलं आणि चार दिवसांसाठी ऑफिसच्या कामाला परगावी गेली. मी फोन उघडला, धड्यावर बोट ठेवलं, आणि काय सांगू! मी सुरू! कुठे त्रिकोण नाही, कुठे दाबणं नाही. मी बादलीत हात घातला, मी बोट नाचवलं, आणि माझा शब्दन् शब्द मला पाठ असल्यामुळे इकडे मीही बरोबरीनं बोलत होते. "गरम पाणी? रक्ताच्या डागावर? अगं, डाग काढायचाय की शिजवायचाय?" अकराच्या अकरा धडे मी असे बघितले. घसा बसला, पण समाधान झालं. आमचे हे शेजारी बसून बघत होते. एरवी मी बोलायला लागले की ह्यांना कुठेतरी जायचं असतं. त्या दिवशी चेहऱ्यावर अशी शांती, की मला वाटलं, शेवटी ह्या माणसाला माझी किंमत कळली.

एकच खटकलं. सगळं झकास, पण शिकवणारी कोण हे कळायला नको? चिरंजीवांना हाक मारली. ते इस्त्री करतात आणि फोनमधलं थोडंफार जाणतात, सुनेच्या हाताखाली शिकल्यामुळे. "माझा तो निळ्या ड्रेसमधला फोटो लाव. खाली उजव्या कोपऱ्यात. मोठा."

"तिथे तिनं काहीतरी ठेवलंय, आई."

बघितलं तर चिरडलेल्या डासासारखं काहीतरी इवलंसं चिन्ह. "हे? पुसलेलं बरं!"

"पुसायला तिचा पासवर्ड लागतो."

"मग वर चिकटव! अकराही धड्यांवर!"

चिकटवला. काय शोभा आली!

तिसऱ्या दिवशी मॅनेजरीणबाईंचा फोन. "काकू, ताबडतोब या." एवढंच. मी ओळखलं. सत्कार! निळा ड्रेस घातला, केस बसवले, आणि गेले.

हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना. वाफ, मशिनींची घरघर, आणि आठ मुली रांगेत उभ्या, चेहरे धुऊन न पिळलेल्या फडक्यासारखे. मधल्या टेबलावर प्रदर्शन मांडलेलं. आचाऱ्याचे बारा पांढरे कोट, प्रत्येकावर मटणाच्या रक्ताचा डाग पक्का तपकिरी होऊन बसलेला. नायलॉनचा पडदा, त्याला इस्त्रीच्या आकाराची खिडकी. आणि एक लोकरीचं ब्लँकेट, जे आता मांजराच्या पिल्लालाही अपुरं पडलं असतं.

"हे कुठल्या गाढवानं केलं?" मी गरजले.

"तुम्ही," मॅनेजरीणबाई म्हणाल्या.

"मी?"

रांगेतली उंच मुलगी पुढे आली. "मावशी, तुम्ही दाखवलं तसंच केलं. आधी उकळतं पाणी ओतायचं, मग गार पाण्यात घालायचं."

"आधी आणि मग नाही गं बाई! पहिली चूक होती! मी ओरडून ओरडून सांगत होते, करू नका म्हणून!"

"ओरडत होतात?" तिनं बाकीच्यांकडे बघितलं. "आम्हाला वाटलं, गाणं म्हणताय."

"गाणं!"

"फार खुशीत दिसत होतात, मावशी."

"आणि मी बोट नाचवत होते ते?"

"ते होय? आम्हाला वाटलं, ढवळायला सांगताय. आम्ही ढवळलं."

साबणाच्या डब्याला टेकवून फोन उभा होता. तिनं कोरड्या बोटानं धडा उघडला. मी आपोआप सुरू झाले. उकळतं पाणी ओतलं, डोळे वटारले, तोंड मासोळीसारखं उघडमीट, उघडमीट. आणि आवाज? शून्य! आयुष्यात पहिल्यांदा मी मला गप्प बघितलं. अंगावर काटा आला.

तिथूनच सुनेला फोन लावला. "माझा आवाज बंद केलास? माझा? घरात मला सांगायची हिंमत नव्हती म्हणून फोनमध्ये डाव साधलास?"

"आई, मी तेच सांगत होते! आवाज बंद ठेवला तरच फोनवाले आपोआप सुरू करू देतात. म्हणून तर आवाजाचं बटण दिलंय. एकदा दाबलं की पुढचे सगळे धडे बोलतात. मुलींना दाबायला सांगा ना."

"कुठे आहे बटण?"

"खाली. उजव्या कोपऱ्यात."

माझा फोन स्पीकरवर होता. आठ मुली, मॅनेजरीणबाई आणि मी, सगळ्यांनी वाकून मुलींच्या फोनवर खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं. तिथे निळ्या ड्रेसमध्ये मी. हसत होते.

उंच मुलीनं माझ्या नाकावर बोट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मी हसतच होते.

"इथे तर तुम्हीच बसलाय, काकू," मॅनेजरीणबाई म्हणाल्या.

मी बोलायला तोंड उघडलं. आणि वाचकहो, खोटं नाही सांगत, आतून काही आलंच नाही. पाच हॉटेलं डोळ्यांपुढून गेली. शटर खाली येताना दिसलं. शेवटी मी बाह्या वर सारल्या, दुकानातून माझी डाग काढायची बाटली मागवली आणि पहिला कोट गार पाण्यात बुडवला. कोट भिजवायचा, बाटलीतले चार थेंब, हलक्या हातानं चोळायचं, धुवायचं, पुन्हा भिजवायचं. अडीच तास! एक शब्द नाही. मुली हळूहळू भोवती जमल्या, हात बघत राहिल्या. चौथ्या कोटापासून त्याही कामाला लागल्या. बारापैकी अकरा कोट शुभ्र झाले. अकराव्याचा डाग तर उंच मुलीनं एकटीनं काढला. पडद्याला इलाज नव्हता. ब्लँकेट आता रिसेप्शनच्या खुर्चीवर बसायला घेतात.

मॅनेजरीणबाईंनी कोट उजेडात धरून उलटेपालटे केले. "काकू, पाचही हॉटेलं तुमची. पण एका अटीवर. चुकीचे भाग काढून टाका, आणि आज शिकवलंत तसंच शिकवा."

"म्हणजे कसं?"

"न बोलता."

आता सुनेनं नवे धडे केलेत. फोनवाल्यांची काही तक्रार नाही, मी आपोआप सुरू होते. पूर्वी एक धडा अकरा मिनिटांचा होता. चुका आणि माझं बोलणं काढल्यावर दीड मिनिटाचा राहिला. कुठलाही घ्या!

कोट धुऊन घरी आले त्या संध्याकाळी मी ह्यांना धारेवर धरलं होतं. "तुम्ही शेजारी बसून अकराही धडे बघितलेत. आवाज येत नाही हे कळलं नाही?"

"तू होतीस ना बोलायला," हे म्हणाले. "मी तर काल एकटाच पुन्हा सगळे बघत बसलो होतो. काही ऐकू येईना. मला वाटलं, माझेच कान गेले."

"मग डॉक्टरकडे नाही गेलात?"

"जाणार होतो," हे म्हणाले. "पण म्हटलं, एवढी काय घाई आहे!"