सरवट्यांची अट

आमचे शेजारी सरवटे स्वतःच्या मुलाच्या फ्लॅटवर जात नाहीत, कारण कोर्टाची मनाई आहे. मनाई त्यांना नाही, रामरती नावाच्या एका बाईला आहे. पण हे त्यांना पटवायला जावं तर ते एवढंच म्हणतात, "कंडिशन म्हणजे कंडिशन," आणि चहा मागवतात.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात आमची दारं समोरासमोर. एकदा सरवटे स्कूटरचं चलान भरायला गुडगावच्या कोर्टात गेले आणि एका अनोळखी बाईचे जामीनदार होऊन परत आले. रामरतीनं अरवलीच्या जंगलातून चुलीपुरती सुक्या काटक्यांची मोळी आणली होती. त्याबद्दल तिच्यावर वनोपज चोरल्याचा खटला. जामीन मंजूर झाला होता, पण जामीन राहायला कुणी नाही, म्हणून ती तुरुंगातच. सरवट्यांनी स्कूटरचे कागद पुढे केले. जज्जांनी विचारलं, "आपकी कौन लगती है?"

"अभी तक तो कोई नहीं," सरवटे म्हणाले.

अट एकच होती. खटला संपेपर्यंत बाईनं त्या जंगलात पाऊल ठेवायचं नाही.

खटला संपला नाही. जंगल मात्र संपलं, रीतसर परवानगीनं, ट्रक लावून, मुळासकट. मोळीला तुरुंग आणि जंगलाला परवाना, असा आपला न्याय. तिथं टॉवर उठले, आणि सोसायटीच्या नावात तेवढं 'फॉरेस्ट' उरलं. विदेशी कंपनीत नव्यानं लागलेल्या नितीननं, म्हणजे सरवट्यांच्या मुलानं, तिथंच फ्लॅट घेतला. रामरतीलाही तिथं भांड्यांचं काम मिळत होतं. वकील म्हणाला, "जाने दो, कौन पूछता है?" सरवट्यांनी जाऊ दिलं नाही. जामीन रद्द झाला असता तर आत तीच गेली असती, वकील नव्हे. अट बदलायच्या अर्जावर अजून नुसत्या तारखा पडतायत. तोवर त्यांनी तिला आमच्या कॉलनीत कामं मिळवून दिली, आणि स्वतःही मुलाकडे जायचं बंद केलं.

"तिला मी दारातून परत फिरवलं," ते मला म्हणाले. "आता लिफ्टनं वर जाऊन श्रीखंड खाऊ?"

गेल्या रविवारी त्या फ्लॅटवर नातवाचं बारसं झालं. मी गेलो होतो. नितीन चिडला होता. "यायचं असेल तर बाबांनी वर यावं. काका, आता कुठंय तिथं जंगल?" त्याचं चूक नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

सरवटे आले, पण गेटबाहेर, रस्त्यापलीकडे उभे राहिले. कडक इस्त्रीचा बुशशर्ट, हातात झबल्याची पिशवी. मी खाली उतरलो.

"कितवा मजला?" त्यांनी विचारलं.

"पाचवा."

तेवढ्यात सूनबाई बाळाला घेऊन बाल्कनीत आली. खालून नुसतं पांढरं दुपटं दिसत होतं. सरवट्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. आसपास सावलीला एक झाड नव्हतं.

"तिला सांगा," ते म्हणाले, "आत घेऊन जा म्हणावं. ऊन लागतंय त्याला."

मी हातानं खूण केली. ती आत गेली. सरवटे मात्र बराच वेळ वरच बघत उभे होते.