खंडेनवमीला निघालेला बंब

घंटा झाल्यापासून चाळीस सेकंदांत बंब फाटकाबाहेर! अख्ख्या नागपुरात हे फक्त आमच्या ठाण्याला जमायचं, आणि आमच्या ठाण्याला ते मी जमवायला लावलं होतं. मी म्हणजे नानाजी, लीडिंग फायरमन. आगीच्या बंबात ड्रायव्हरशेजारी बसून पितळी घंटा बडवतो ना, तो मीच!

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. शहरासाठी एक नवा कोरा बंब येणार होता. तो आम्हाला द्यायचा की पलीकडच्या ठाण्याला, हे मोठे साहेब ठरवणार होते. आमच्याकडे एकच बंब, तोही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. चढ आला की आम्ही खाली उतरून त्याला धीर द्यायचो. मला नवा बंब हवा होता म्हणजे हवाच होता!

साहेबांनी निरोप धाडला, खंडेनवमीला दुपारी पूजेला येतो. दसऱ्याला आमची निम्मी माणसं दीक्षाभूमीच्या गर्दीत बंदोबस्ताला असतात, त्यामुळे आमचा सगळा थाट खंडेनवमीलाच असतो. मी ठरवलं, यंदा साहेबांचे डोळे दिपले पाहिजेत.

सकाळीच बंबातलं सगळं सामान अंगणात उतरवलं. पन्नास पन्नास फुटांचे कॅनव्हासचे पाइप, त्यांची पितळी तोंडं, आकडे, कुऱ्हाडी, विहिरीत सोडायचा जाडा पाइप, बादल्या, पस्तीस फुटी शिडी. सगळं घासूनपुसून रांगोळीच्या चौकटीत मांडलं. गाडीवर पक्कं बसवलेलं बारीक पाइपाचं रीळ तेवढं राहिलं होतं. तेही पाना लावून सोडवलं, कारण त्याच्या मधोमध समई ठेवली की ते थेट कमळासारखं दिसतं! बंबाच्या रिकाम्या कप्प्यांत एकेक झेंडूचं फूल ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि झाकणं लावून टाकली.

दादाजी फोनच्या टेबलाशी बसला होता. तो बौद्ध, पूजेत नसायचा, म्हणून त्या दिवशी फोन त्याच्याकडे. तो दारातून म्हणाला, "नानाजी, एखादा पाइप तं राहू द्या गा गाडीत!"

"काहून?"

"आग पंचांग पाहून लागते का?"

"पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नसतात गा!"

"मंग आगीलेही तसं सांगून ठेवा," म्हणत तो पुन्हा फोनपाशी जाऊन बसला.

आरती संपली. साहेबांची वाट पाहत आम्ही टोप घालून रांगेत उभे होतो, तेवढ्यात फोन वाजला. धरमपेठेच्या मागे, बायजाबाईच्या गोठ्याशी आग! दादाजीने घंटा दिली मात्र, आमचे पाय आपोआप धावले. डोक्याला विचारायची पद्धतच नव्हती आमच्यात. उड्या मारून गाडीत बसलो, चाकांखाली ठेवलेली पूजेची लिंबं चिरडली, फाटकाबाहेर! एकतीस सेकंद!

ड्रायव्हर गणपतरावांना तर विश्वासच बसेना. "नानाजी, गाडी आज पाखरावानी पळून राहिली ना गा!"

"पूजेचा गुण!" मी छाती फुगवून म्हणालो आणि आणखी जोरात घंटा बडवली.

बायजाबाईच्या गोठ्याच्या दाराशीच कडब्याची गंजी पेटली होती. आत सहा म्हशी. धुराला भिऊन एकही बाहेर येईना. बायजाबाई टाहो फोडत होती, "माह्या म्हशी वाचवा गा! माह्याजवळ दुसरं काहीच नाही!"

"घाबरू नको वं, आम्ही आलो!" मी उडी मारली आणि हुकूम सोडला, "पाइप टाका!"

जवानांनी खटाखट कप्पे उघडले. प्रत्येक कप्प्यात एकेक झेंडूचं फूल!

"पाइप कुठी हाय?" मी ओरडलो.

"रांगोळीत!" पाचही जण एकदम म्हणाले.

टाकीत चारशे गॅलन पाणी आणि ते आगीपर्यंत न्यायला हातभर नळी नाही! गणपतराव म्हणाले, "थांबा, पंपानं डायरेक्टच मारतो!" त्यांनी पंप सुरू केला. आग उजवीकडे आणि पंपाचं तोंड डावीकडे! मांडीएवढी धार सुटली आणि बघ्यांच्या पुढच्या रांगेला सचैल स्नान घडलं. शंभर गॅलन तिथेच गेले.

तेव्हा बायजाबाईने पदर खोचला. "बंद कर तुहा पंप! खालची तोटी खोल आन् बाजूले हो! बायाहो, भांडे आणा वं!"

घराघरांतून पाण्याचे पितळी गुंड, घागरी, पातेली निघाली. तोटीपासून गंजीपर्यंत बायकांची रांग लागली. एकही थेंब वाया जात नव्हता. मी मधेच उभा राहून सूचना द्यायला लागलो, तर बायजाबाईने माझ्या डोक्यावरचा पितळी टोपच ओढला. "एवढं मोठं भांडं रिकामं काहून ठेवलं?" आणि टोपही रांगेत गेला. मग मीही रांगेत गेलो.

अर्ध्या तासात आग विझली. सहाच्या सहा म्हशी धडधाकट बाहेर आल्या. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. धुराने नव्हे! असली फळी मी जन्मात पाहिली नव्हती.

एवढ्यात साहेबांची जीप आली. मागे हळदकुंकू लावलेल्या पाइपांच्या ढिगावर दादाजी बसला होता. साहेब ठाण्यात पोचले तेव्हा बंब गायब आणि सामान जागच्या जागी! दादाजीने रांगोळी मोडून पाइप जीपमध्ये भरले होते.

साहेबांनी माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. "नानाजी, हे काय?"

"आग विझली साहेब," एवढंच मला सुचलं.

"याहिले काही बोलू नका साहेब," बायजाबाई मधे पडली. "घंटी लय चांगली वाजवते बिचारे!"

नवा बंब गेला, असं समजून मी आठ दिवस धड जेवलो नाही. नवव्या दिवशी पत्र आलं. नवा बंब आम्हाला! जुना बंब सामानासकट पलीकडच्या ठाण्याला! मी स्वतः पेढे वाटले. लालभडक बंब दारात आला, तेव्हा सगळ्या मोहल्ल्यासमोर मी ऐटीत कप्पे उघडले. सगळे रिकामे.

धावत जाऊन साहेबांना फोन लावला. "साहेब, पाइप, शिड्या, बादल्या?"

"सामान पुढच्या वर्षी मंजूर होईल," साहेब शांतपणे म्हणाले. "तोवर नुसता बंब चालवायचा आहे. आणि सामानाशिवाय आग विझवायचा अनुभव अख्ख्या शहरात फक्त तुमच्याच ठाण्याला आहे!"

मी "होय साहेब" म्हणालो. जरा अभिमानानेच म्हणालो, खोटं कशाला सांगू!