खलफानच्या पिकअपची खरी उंची

गाडी जमिनीपासून किती उंच असावी, हा शेवटी माणसाच्या सचोटीचा प्रश्न आहे. आमच्या इब्री लघुवाहन मंडळात याबद्दल दुमत नाही. सभासद अकरा, पैकी पदाधिकारी नऊ. (उरलेले दोघे अजून लहान आहेत; एक बावन्नचा, एक चोपन्नचा.) दर शनिवारी सकाळी ओढ्याच्या कोरड्या पात्रात आम्ही रिमोटचे ट्रक दगडांवर चढवतो. मी उंची उपसमितीचा अध्यक्ष.

नियम सात (क) सांगतो की, छोटा ट्रक सभासदाच्या खऱ्या गाडीची दशांश प्रतिकृती हवा. खऱ्या गाडीत चाक आणि मडगार्डमध्ये बारा सेंटिमीटर फट असेल, तर छोट्यात बारा मिलिमीटर.

भूमितीचा निवृत्त शिक्षक खलफान बिन सुवैद याची खरी पिकअप नेमकी बाराची. पण छोट्या ट्रकची बॉडी ज्या चार खुंट्यांवर बसते, त्यांना भोकं तीनच. पिन खालच्या भोकात घातली की फट पाच, मधल्यात दहा, वरच्यात पंधरा. वार्षिक साम्य-स्पर्धेत सलग तीन वर्षं त्याने ‘दहा’ लावून हार पत्करली. (दोन मिलिमीटर म्हणजे थोडं नव्हे. माणसं याहून कमी कारणावरून भाऊबंदकी करतात.)

यंदा स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याने बारावर नवं भोक पाडायला घेतलं. पद्धतशीर माणूस, म्हणून चारही खुंट्यांना एकदमच. चारही मधल्या भोकापाशीच मोडल्या. उरलं ते खालचं भोक. फट पाच.

मला फोन आला. रडवेला आवाज.

"रशाद, चाळीस वर्षं पोरांना अचूकपणा शिकवला रे मी. आता काय तोंड दाखवू?"

"नियम वाच," मी म्हणालो. "दोन्ही गाड्या जुळल्या पाहिजेत, एवढंच लिहिलंय. कुणी कुणाशी जुळायचं, ते नाही."

मग त्याने फोन ठेवला आणि तडक गॅरेज गाठलं. मेकॅनिक झहरानने खऱ्या पिकअपच्या स्प्रिंगच्या पाट्यांतली काही पानं काढून तिला पाच सेंटिमीटरवर बसवलं. छोटा ट्रक डावीकडे वळताना चाक घासायचा. आता मोठीही घासू लागली. इतकं साम्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खलफानला चषक मिळाला. तो मडगार्डवर हात ठेवून हमसून रडला.

तेवढ्यात त्याची बायको थुरैया आली. "मुंधिरचे बाबा, आई दवाखान्याच्या दारात बसलीय. गुडघ्याला प्लास्टर आहे. चला आता!"

दोघं निघाली आणि दोनशे पावलांवरच्या गतिरोधकावर पिकअप पोटावर बसली. चाकं जागच्या जागी फिरू लागली.

मंडळ धावत पोहोचलं.

"आलात? ढकला!" थुरैया आतून ओरडली.

पण आधी शहानिशा हवी होती. आम्ही वाळूचा दशांश गतिरोधक केला. छोटा ट्रक त्यावरून टुणकन पार! म्हणजे साम्य खोटं? चषक परत? खलफान पांढराफटक पडला. पस्तीस मिनिटं चर्चा चालली, कॉफीच्या दोन फेऱ्या झाल्या. अखेर उपसमितीला फरक सापडला: छोट्या ट्रकमध्ये माणसं नव्हती.

"थुरैयाताई, तुम्ही जरा उतरता का?"

"तुमच्या फुटपट्ट्या चुलीत घाला!" म्हणत ती उतरली, खलफानही उतरला. पिकअप दोन बोटं वर आली आणि एका धक्क्यात पार झाली. साम्य सिद्ध. आम्ही टाळ्या वाजवल्या, ठराव लिहिला (नियम सात (ड): मोजणीच्या वेळी गाडीत नातेवाईक नसावेत), आणि सह्या करून वर पाहिलं तर थुरैया नव्हती.

आता तुम्ही आम्हाला हसत असाल. जरूर हसा. पण बारा, दहा, पाच हे सगळे आकडे तुमच्या नीट ध्यानात आहेत, आणि प्लास्टर घालून भर उन्हात बसलेली ती म्हातारी घरी कशी पोहोचली, हे तुम्हीही अजून विचारलेलं नाही. मंडळात एक जागा रिकामी आहे.