संकटकाळासाठी राखीव

वस्तू घेताना माणूस तिची किंमत मोजतो, पण ती किंमत खऱ्या अर्थाने कमी होते वस्तू वापरल्यामुळे. हे तत्त्व सर्वमान्य असूनही लोक वस्तू वापरतात आणि मग ती परवडली की नाही यावर वाद घालत बसतात. छतावर सौर पॅनेल आणि भिंतीवर बॅटरी लावावी का, हा असाच एक वाद. कोणी म्हणतं सात वर्षांत पैसे वसूल होतात, कोणी म्हणतं बारा, आणि ज्यांनी लावलेली नाही ते म्हणतात कधीच नाही. या प्रश्नाचा कायमचा निकाल आमच्या दादाने लावला आहे. त्याच्या मते बॅटरी निश्चित परवडते, फक्त ती वापरता कामा नये.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या हिशेब तपासणीत गेली. 'तूर्त आवश्यक नाही' असा शेरा मारून खर्च परत पाठवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. घरात तो, वहिनी, आमचे वडील आप्पा आणि मी.

पॅनेल बसली गच्चीवर, नेमकी त्या कोपऱ्यात जिथे आप्पा रोज सकाळी खुर्ची टाकून पाठ शेकत बसायचे. आप्पांनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. जागा त्यांनी कुरकुर न करता सोडली, कारण दादाने शब्द दिला होता की यापुढे वीज गेली तरी त्यांचा पंखा थांबणार नाही. (आमच्याकडे वीज संध्याकाळी जाते. येते तिच्या मर्जीने.) बॅटरी दिवाणखान्यात बसली, पांढरीशुभ्र, कपाटाच्या दाराएवढी. तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, आणि त्या प्लॅस्टिकला धूळ लागू नये म्हणून वहिनीने शिवलेलं झालरीचं आवरण आहे. आवरणाला एक गोल भोक आहे. त्यातून हिरवा दिवा दिसतो. हिरवा दिवा म्हणजे शंभर टक्के.

त्यानंतर पहिल्यांदा वीज गेली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मोठ्या आशेने दादाकडे पाहिलं. दादाने बॅटरीकडे पाहिलं आणि मेणबत्ती पेटवली. बॅटरी संकटासाठी आहे, तो म्हणाला, आणि वीज जाणं हे काही संकट नव्हे, ते रोजचंच आहे.

मग त्याने आपत्तींची रीतसर वर्गवारी केली. गैरसोय, अडचण आणि संकट. अंधारात बसणं ही गैरसोय. फ्रिजमधलं दूध नासणं ही अडचण (दुधाची, घराची नव्हे). वहिनी शाळेत शिकवते. मेणबत्तीच्या उजेडात पेपर तपासताना एका उत्तरावर मेण सांडलं, उत्तर दिसेना, म्हणून तिला मुलाला पूर्ण गुण द्यावे लागले. हे प्रकरण अडचणीत मोडलं, आणि मुलाच्या बाजूने पाहता सोयीत. एकदा आप्पा अंधारात दाराच्या चौकटीला ठेचकाळून पडले. दादाने टॉर्च लावून पाय तपासला. हाड मोडलं असतं तर संकट होतं, पण पाय नुसता मुरगळला होता. हाड न मोडल्याबद्दल दादाने आप्पांकडे समाधान व्यक्त केलं.

अशा रीतीने बॅटरीने दीड वर्षात एकदाही काम केलं नाही आणि तिच्या नवेपणावर ओरखडाही उठला नाही. दादाच्या मते या घराने याहून यशस्वी गुंतवणूक केलेली नाही. रोज सकाळी ऊन यायचं आणि बॅटरी भरलेली पाहून परत जायचं. दिवसाची उरलेली वीज दादा वीज कंपनीला देई आणि रात्री तिच्याकडूनच विकत घेई. याला तो 'चांगले संबंध' म्हणे. वीज गेली की शेजारी आमच्याकडे येऊन बसत, कारण गल्लीत बॅटरी असलेलं घर आमचंच. ती बघायला ते स्वतःचा टॉर्च आणत.

आप्पा हातपंखा हलवत बसलेले असत. एकदा दादा शेजाऱ्यांना सांगत होता की बॅटरीला दहा वर्षांची वॉरंटी आहे.

"तिला आहे," आप्पा म्हणाले. "मला कोणी दिलीय?"

शेजारी हसले. दादाही हसला. वहिनी मात्र हसली नाही.

पुढे वादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले, आणि गेलेली वीज दुसऱ्या दिवशीही आली नाही. हे तरी नक्की संकट, असं आम्हाला वाटलं. पण दादाचा मुद्दा बिनतोड होता. वीज कधी येणार हे ठाऊक नाही, म्हणजे संकट अजून चालू आहे, म्हणजे ते आणखी मोठं होऊ शकतं, आणि ऐन वेळी बॅटरी संपलेली असली तर काय करायचं? संकट पुरतं संपल्याशिवाय ते केवढं होतं हे कळणार नाही, आणि ते कळल्यावर बॅटरी वापरायला आपली हरकत नाही, असा निर्णय त्याने दिला. वारा साफ पडला होता. आप्पांचा दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. हातपंखा हलवून त्यांचं मनगट सुजलं होतं. मला दादाचा राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आप्पा उठले. खुर्ची ओढत बॅटरीपाशी गेले, आवरण वर केलं आणि तिच्यासमोर बसले. दादा म्हणाला, आप्पा, जरा दम धरा, आज-उद्या येईलच वीज.

"माझं ऊन घेतलंस," आप्पा म्हणाले. "घेतलंस ते घेतलंस, पेटीत भरून ठेवलंस. आता त्यातलं वाटीभर मला दे की रे."

या मागणीवर मारायला दादाकडे शेरा नव्हता. वहिनीने पुढे होऊन खटका ओढला. पंखा फिरला. आम्ही चौघं त्याच्याखाली बसलो. दादा बॅटरीवरच्या टक्क्यांच्या आकड्याकडे बघत होता. नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव. थोड्या वेळाने आप्पा खुर्चीतच पेंगले. ते पाहून दादा हलकेच उठला आणि त्याने पंखा बंद केला, कारण झोपलेल्या माणसाला पंखा असला काय नि नसला काय.

"लाव," आप्पा डोळे न उघडता म्हणाले.

दादाने लावला.

सकाळी आकडा एकाहत्तरवर आला होता. दादाने दाढी केली नाही, चहाही नको म्हणाला. अकराच्या सुमारास तो पुन्हा बघायला गेला आणि तिथेच उभा राहिला. हिरवा दिवा लागला होता. सूर्य रोज उगवतो, ही बाब दीड वर्षाच्या हिशेबात कुठेच धरलेली नव्हती. दादाने चूक मोठ्या मनाने मान्य केली (म्हणाला, पॅनेल बसवणाऱ्याने सांगायला हवं होतं).

तेव्हापासून वीज गेली की आप्पांचा पंखा बॅटरीवर चालतो. दादा त्याला 'चाचणी' म्हणतो, आणि चाचणीची मुदत त्याने मोकळी ठेवली आहे. त्याच दिवशी वहिनीने काचेच्या कपाटातून सोनेरी काठाचे कप काढले. तिच्या लग्नात आलेले, तळाला दुकानाची चिठ्ठी तशीच. कोण येणार आहे, असं दादाने विचारलं. कोणी येणार नाही, आप्पा आहेत की, असं म्हणत तिने चहा ओतला.

ही हकीकत मी जिथे जिथे सांगतो तिथे लोक दादाला पोट धरून हसतात. तुम्हीही हसला असाल, त्याला काही हरकत नाही. हसून झालं की आपलं कपाट उघडा. पाहुण्यांसाठी ठेवलेली चादर, घडी न मोडलेला सदरा, कोणाला तरी एकदा निवांत भेटायचं म्हणून राखून ठेवलेला रविवार, सगळं जागच्या जागी शंभर टक्के असेल. फक्त ते ज्याच्यासाठी राखलंय, त्याची वॉरंटी कधी संपते, ते जाऊन बघा. संपून गेली असेल तर ही गैरसोय, अडचण की संकट, ते तुमचं तुम्ही ठरवा.